कॉलेजात नाव आहे, तरी हप्ता कापायला आलाच!

माझ्या धाकट्या भावाचं नेरूळच्या एका कॉलेजात एमएमएसला (एमबीएसारख्या व्यवस्थापनाच्या कोर्सला) ॲडमिशन झालं, त्याला दोन आठवडेही झाले नव्हते. ५ सप्टेंबरला सकाळी बाबांच्या मोबाइलवर मेसेज आला: खात्यात पुरेशी शिल्लक नसल्याने कर्जाचा हप्ता वळता होऊ शकला नाही. बाबा चहा अर्धा ठेवून उठले. "अरे, हा तर अजून शिकतोय! मग हप्ता कसला?" खरं तर घरात सगळ्यांचाच तसा समज होता. इंजिनीअरिंगसाठी कर्ज काढलं, पोरगं पुढे शिकतंय, म्हणजे शिक्षण संपेपर्यंत बँक थांबणारच.

दुपारी ठाण्यात नौपाड्यातल्या शाखेत गेलो. टेबलापलीकडच्या बाईंनी स्क्रीन आमच्याकडे वळवली आणि शांतपणे म्हणाल्या, "काका, आमच्या सिस्टिममध्ये तुमचा मुलगा गेल्या वर्षी ऑगस्टमध्येच शिकून बाहेर पडलाय."

त्यानंतरचे तीन महिने ती तारीख बदलून घेण्यात गेले. त्यात जे कळलं ते इथे लिहितोय. पदवीसाठी कर्ज घेतलेलं आहे आणि आता एमबीए, एमई, एमएस्सी, बीएड असं काही करायचं मनात आहे, अशा मुलामुलींसाठी आणि त्यांच्या आईबाबांसाठी.

बँकेला आपोआप काही कळत नाही

गैरसमजाचं एक कारण इंटरनेटवरचे व्हिडिओ. त्यातले बरेचसे अमेरिकेतले असतात. तिकडे सरकारी विद्यार्थी कर्जावर किमान अर्धवेळ प्रवेश असला की हप्ते थांबतात, कॉलेजच विद्यार्थ्याच्या नोंदणीची माहिती वर कळवतं आणि शिक्षण सुटल्यावर साधारण सहा महिन्यांची सवड मिळते. तिकडेही बऱ्याच कर्जांवर या काळात व्याज चढत राहतंच, पण ते असो.

आपल्याकडे कॉलेज आणि बँक यांच्यात अशी कुठलीही तार जोडलेली नाही. तुम्ही वाशीत शिका नाहीतर कासारवडवलीत, कर्ज देताना कोर्स संपायची जी तारीख संगणकात टाकली, त्या तारखेला बँकेच्या लेखी तुमचं शिक्षण संपलं. पुढचा प्रवेश तिला सांगावा लागतो, लेखी, आणि वेळेत. सांगितल्यावरही हप्ता पुढे ढकलायचा की नाही हे बँक ठरवते. तो तुमचा जन्मसिद्ध हक्क नव्हे, हे आधीच मनाशी धरलेलं बरं. आम्ही शाखेत भांडायच्या पवित्र्यात गेलो होतो, त्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

आधी सँक्शन लेटर शोधा

सँक्शन लेटर म्हणजे कर्जमंजुरीचं पत्र. कपाटातली ती फाईल काढा. नसेल तर शाखेकडे प्रत मागा. पानं बरीच असतात, पण तुम्हाला चारच गोष्टी शोधायच्या आहेत.

पहिली, मोरॅटोरियमचं वाक्य. म्हणजे हप्ता न भरण्याची मुभा किती काळ आहे ते. सरकारी बँका बहुतांशी इंडियन बँक्स असोसिएशनच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेवर चालतात. तिच्यात कोर्सचा काळ अधिक एक वर्ष इतकी सवड आणि त्यानंतर फेडायला जास्तीत जास्त १५ वर्षं धरलेली आहेत. जुन्या कर्जपत्रांत मात्र 'कोर्सनंतर एक वर्ष किंवा नोकरी लागल्यावर सहा महिने, यातलं जे आधी असेल ते' अशी ओळ सापडते. तुमच्या पत्रात ती असेल आणि मधल्या काळात तुम्ही ऐरोलीत एखाद्या कंपनीत आठ महिने काम केलं असेल, तर सवड कधीच संपलेली असू शकते.

दुसरी, शिकत असताना व्याज कसं लागतं. आदर्श योजनेत परतफेड सुरू होईपर्यंत सरळ व्याज असतं. खासगी बँका आणि फायनान्स कंपन्यांचे करार वेगवेगळे असतात. काहींमध्ये शिकतानाच दरमहा व्याज किंवा त्याचा काही भाग भरणं सक्तीचं असतं. तसं असेल तर पुढच्या प्रवेशाने मुद्दलाचा हप्ता थांबेलही, व्याजाचा थांबणार नाही.

तिसरी, 'पुढील शिक्षण' किंवा 'टॉप-अप' (वाढीव कर्ज) या शब्दांभोवती काही लिहिलंय का. आणि चौथी, कर्ज कुठल्या शाखेच्या नावावर आहे. हा शेवटचा मुद्दा क्षुल्लक वाटतो, पण कोपरखैरण्यात किंवा घणसोलीत पीजीत राहणाऱ्या कितीतरी मुलांचं कर्ज साताऱ्याच्या नाहीतर जळगावच्या शाखेत असतं. ठाण्यातली त्याच बँकेची शाखा अर्ज घेईल कदाचित, निर्णय मात्र मूळ शाखा किंवा तिच्या वरचं कर्ज प्रक्रिया केंद्र घेतं. म्हणून अर्ज मूळ शाखेच्याच नावाने करा आणि ईमेलही तिथेच टाका.

तारखांचा घोळ

सगळ्यात जास्त मुलं इथे फसतात, म्हणून जरा सावकाश वाचा.

समजा तुमचं इंजिनीअरिंग जूनमध्ये संपलं. बँक बहुतेक वेळा ठरलेल्या कोर्सची शेवटची तारीख धरते. निकाल ऑगस्टात लागला, पदवी प्रमाणपत्र त्याहून उशिरा मिळालं, तरी त्याने घड्याळ थांबत नाही. तिथून एक वर्ष म्हणजे पुढच्या वर्षीचा जून. पहिला हप्ता जुलैत.

पदवीनंतर लगेच, त्याच पावसाळ्यात पुढचा प्रवेश झाला तर काहीच अडत नाही. तुमच्याकडे दहा-अकरा महिने हातात असतात. आदर्श योजनाही हेच म्हणते: पहिल्या कर्जाच्या मोरॅटोरियममध्येच पुढचं शिक्षण सुरू झालं, तर बँक वाढीव कर्जाचा विचार करू शकते आणि एकत्रित परतफेड दुसरा कोर्स आणि त्यानंतरची सवड संपल्यावर सुरू करू शकते.

पण आपल्याकडे मुलं काय करतात? एक वर्ष सीईटीची तयारी. ठाणे स्टेशनजवळ क्लास लावतात, वर्षभर अभ्यास, मार्च-एप्रिलच्या सुमारास परीक्षा, मग निकाल, मग कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या फेऱ्या. या फेऱ्या पावसाळ्यात चालतात आणि लांबतात. सवड जूनमध्ये संपली, जागा ऑगस्टच्या शेवटी मिळाली. मधले दोन-तीन हप्ते ना इकडचे ना तिकडचे. करोनाच्या वर्षी प्रवेश उशिरा झाले होते, म्हणून भावाच्या कर्जात कोर्सची शेवटची तारीख ऑगस्ट पडली होती. त्या योगायोगाने त्याचा प्रवेश सवडीच्या काठावर का होईना, आत बसला. कागद मात्र आम्ही बाहेर पडल्यावर दिले.

तेव्हा गॅप घेणाऱ्यांनी एवढं कराच: मोरॅटोरियम संपायच्या तीन महिने आधी शाखेला पत्र द्या की सीईटी दिली आहे, प्रवेश प्रक्रिया चालू आहे, प्रवेश निश्चित होताच कागदपत्रं देतो. सीईटीचं स्कोअरकार्ड जोडा. यावर लगेच मंजुरी मिळेल असं नाही, पण तुम्ही आधी कळवलंत याची नोंद होते. आणि मधले दोन-तीन हप्ते भरायची तयारी ठेवा. दहा हजारांचा हप्ता असेल तर तीस हजार बाजूला काढून ठेवणं हा क्लासच्या फीइतकाच अभ्यासाच्या खर्चाचा भाग समजा.

कुठला प्रवेश चालतो

मान्यताप्राप्त संस्थेतला पूर्णवेळ, नियमित कोर्स असेल तर बोलणी सोपी जातात. पार्ट-टाइम, शनिवार-रविवारचे किंवा दूरशिक्षणाचे कोर्स बऱ्याच बँका यासाठी धरत नाहीत. त्यांचं म्हणणं सरळ असतं: तुम्ही दिवसा कमवू शकता, मग हप्ता भरा. त्यात तथ्य आहे.

आणि ती 'नॉन-अटेंडिंग'ची युक्ती. कुठल्यातरी कॉलेजात नाव लावायचं, फी भरायची, कॉलेजचं तोंड बघायचं नाही आणि दोन वर्षं हप्ता टाळायचा. कट्ट्यावर हा सल्ला हमखास मिळतो. नीतिमत्ता बाजूला ठेवा, नुसता हिशोब करा. बँक दर सेमिस्टरची गुणपत्रिका मागू शकते. परीक्षाच दिली नाही तर सवलत तिथेच संपते. फी गेली ती गेली, आणि या सगळ्या काळाचं व्याज मुद्दलावर चढून बसलेलं असतं. ज्याला खरोखर नोकरी नाही म्हणून हप्ता झेपत नाही, त्याच्यासाठी वेगळी वाट आहे, ती पुढे सांगतो.

कागद

प्रवेशाचं पत्र, फीची पावती, पहिल्या कोर्सची शेवटची गुणपत्रिका, तुमचा आणि सहकर्जदाराचा पॅन-आधार. हे सगळं घरात असतंच. अडतं ते बोनाफाईडवर.

कॉलेजच्या खिडकीवर बोनाफाईड मागितलं की क्लार्क छापील नमुना काढतो, त्यात नाव घालतो आणि शिक्का मारून देतो. त्या नमुन्यात फक्त 'सदर विद्यार्थी चालू शैक्षणिक वर्षात या महाविद्यालयात शिकत आहे' एवढंच असतं. आम्ही ते घेऊन ऐटीत बँकेत गेलो आणि परत आलो. बँकेला हवी असते कोर्स संपायची तारीख. ती असल्याशिवाय संगणकात नवी तारीख टाकणार कशी? म्हणून बोनाफाईड मागतानाच सांगा: कोर्सचं पूर्ण नाव, तो पूर्णवेळ आहे हे, सुरू झाल्याचा महिना-वर्ष आणि संपण्याचा महिना-वर्ष लिहून द्या, कारण बँकेला द्यायचं आहे. बहुतेक क्लार्कांना हे माहीत असतं, फक्त आपण आधी सांगितलेलं नसतं. नेरूळला दुसऱ्यांदा गेल्यावर तिथल्या मॅडमनी दोन मिनिटांत वेगळा नमुना काढून दिला. त्या दोन मिनिटांसाठी ट्रान्स-हार्बरच्या दोन फेऱ्या आणि भावाची दोन लेक्चरं गेली.

अर्ज साधा असू द्या. मराठीत दिलात तरी चालतो. आमचा साधारण असा होता:

"प्रति, शाखा व्यवस्थापक. विषय: शैक्षणिक कर्ज खाते क्र. … , पुढील शिक्षणामुळे परतफेड पुढे ढकलण्याबाबत. महोदय, मी वरील खात्याचा कर्जदार आहे. माझा … हा अभ्यासक्रम … मध्ये पूर्ण झाला. आता मी … या महाविद्यालयात … या पूर्णवेळ अभ्यासक्रमास प्रवेश घेतला असून त्याचा कालावधी … ते … असा आहे. तरी हा अभ्यासक्रम व त्यापुढील एक वर्ष पूर्ण होईपर्यंत परतफेड स्थगित ठेवून सुधारित परतफेड तक्ता लेखी द्यावा, ही विनंती. या काळात मी दरमहा रु. … व्याजापोटी भरण्यास तयार आहे."

खाली विद्यार्थ्याची आणि सहकर्जदाराची, दोघांचीही सही. शेवटचं वाक्य मुद्दाम घातलं होतं. काहीच न भरता थांबा म्हणणारा आणि व्याजातलं थोडं तरी भरतो म्हणणारा, या दोघांकडे बँक सारख्या नजरेने बघत नाही.

अर्जाच्या दोन प्रती न्या. एकीवर इनवर्डचा शिक्का, तारीख आणि सही घ्या. 'सर लंचला गेलेत, टेबलावर ठेवून जा' असं कोणी म्हटलं तर लंच संपेपर्यंत तिथेच बसा. पोच नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज.

निर्णय होईपर्यंत खात्यात पैसे ठेवा

अर्ज दिला म्हणजे हप्ता थांबला असं होत नाही. कर्ज घेताना तुम्ही ऑटो-डेबिटच्या मँडेटवर, म्हणजे खात्यातून आपोआप हप्ता कापायच्या परवानगीवर सही केलेली असते, ते ठरल्या तारखेला चालतंच. खात्यात पैसे नसतील तर बाउन्सचा आकार, त्यावर उशिराचा दंड, आणि थकलेल्या दिवसांची नोंद क्रेडिट अहवालात. ९० दिवसांहून जास्त थकलं की खातं एनपीए (अनुत्पादक कर्ज). ही नोंद विद्यार्थ्याच्या नावावर होते तशी सहकर्जदाराच्याही नावावर होते, हे लोकांच्या लक्षातच येत नाही. बाबांनी आयुष्यात कुणाचे पाच रुपये ठेवले नाहीत, आणि त्यांच्या अहवालात थकीत दिवस दिसायला लागले. त्याच सुमारास सोसायटीच्या पुनर्विकासातल्या जादा जागेसाठी ते कर्जाची चौकशी करत होते. तिथल्या कर्ज देणाऱ्या माणसाने अहवाल उघडून "हे काय आहे काका?" विचारलं तेव्हाचा बाबांचा चेहरा मला आठवतो.

दुसरं असं की खातं नियमित असताना मागितलेली सवड आणि थकल्यावर मागितलेली सवड, यात फरक आहे. थकलेल्या खात्याची तारीख बदलली तर ती कर्जाची पुनर्रचना धरली जाऊ शकते आणि तसा शेरा अहवालात चिकटतो. आम्ही तीन हप्ते भरले, चौथ्याच्या आधी मंजुरी आली.

मंजुरी तोंडी घेऊ नका. नवा परतफेड तक्ता मागा, त्यात पहिल्या हप्त्याची नवी तारीख बघा, आणि पुढच्या महिन्यात ऑटो-डेबिट खरंच आलं नाही ना, तेही बघा. कधीकधी तक्ता बदलतो आणि मँडेट जुन्याच तारखेला चालत राहतं.

आता खरा प्रश्न: हे किती महाग पडतं?

हिशोब सोपा जावा म्हणून आकडे गोल घेतो. सहा लाखांचं कर्ज, चार वर्षांत दरवर्षी दीड लाख मिळालं, व्याज १० टक्के सरळ. पहिल्या वर्षीच्या दीड लाखावर पहिल्या हप्त्यापर्यंत पाच वर्षांचं व्याज, दुसऱ्या वर्षीच्यावर चार वर्षांचं, मग तीन, मग दोन. ७५ हजार, ६० हजार, ४५ हजार, ३० हजार. एकूण २ लाख १० हजार. म्हणजे पुढे न शिकता हप्ता सुरू केला तरी कर्ज ८ लाख १० हजारांचं झालेलं असतं. दहा वर्षांत फेडायचं तर हप्ता सुमारे १०,७०० रुपये.

आता एक वर्ष गॅप घेऊन दोन वर्षांचा कोर्स केला आणि त्यापुढे एक वर्षाची सवड घेतली, तर हप्ता तीन वर्षं पुढे जातो. सहा लाखांवर वर्षाला ६० हजार व्याज, तीन वर्षांचं १ लाख ८० हजार. कर्ज झालं ९ लाख ९० हजार, हप्ता सुमारे १३,१००. आणि हे १ लाख ८० हजार आता मुद्दलात शिरल्यामुळे त्याच्यावरही दहा वर्षं व्याज. शेवटी तीन वर्षं थांबण्याची किंमत होते सुमारे २ लाख ८५ हजार रुपये. दुसऱ्या कोर्सची फी यात धरलेलीच नाही.

गॅप न घेता लगेच प्रवेश घेतला तर हप्ता दोनच वर्षं पुढे जातो आणि तोच खर्च १ लाख ९० हजारांवर येतो. दुसऱ्या कोर्सने पगारात महिन्याला चार-पाच हजारांचाही फरक पडणार नसेल, तर नुसत्या हप्त्यापासून सुटका म्हणून हा सौदा घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. आवड म्हणून शिकायचं असेल तर गोष्ट वेगळी. आवडीचे पैसे माणूस मोजतोच.

यावर उतारा एकच, आणि तो कंटाळवाणा आहे: जमेल तेवढं व्याज भरत राहणं. वरच्या उदाहरणात महिन्याचं व्याज ५ हजार रुपये. शिकवण्या घेऊन, इंटर्नशिपच्या स्टायपेंडमधून निम्मं जरी भरलं, तरी मुद्दलात शिरणारी रक्कम निम्मी होते. पूर्ण भरत गेलात तर आदर्श योजनेत अशा कर्जदाराला बँक व्याजदरात एक टक्का सूट देऊ शकते. ती तुमच्या बँकेत आहे का ते विचारा, आपणहून कोणी सांगत नाही. पैसे भरताना बचत खात्यात ठेवून बँक वळते करेल अशी वाट बघू नका. कर्ज खात्याच्या क्रमांकावरच टाका आणि सहा महिन्यांनी स्टेटमेंट काढून ते व्याजाकडेच जमा झालेत ना ते बघा.

करसवलतीचा एक बारकावा. ८०ई म्हणून ओळखली जाणारी वजावट जुन्या करपद्धतीतच मिळते, व्याजावरच मिळते, आणि ज्या वर्षी व्याज भरायला सुरुवात कराल ते वर्ष धरून आठ वर्षंच मिळते. मुलाने शिकताना थोडंथोडं भरायला सुरुवात केली, त्याला त्या वर्षी करपात्र उत्पन्नच नाही, तर आठातली वर्षं वाया जातात. आईबाबा सहकर्जदार असून स्वतःच्या उत्पन्नातून भरत असतील आणि जुन्या पद्धतीत कर भरत असतील, तर ती वजावट त्यांना घेता येते. तरीही या आठ वर्षांच्या लोभाने व्याज साचू देऊ नका. वाचणारा कर चढणाऱ्या व्याजाहून कमीच असतो.

व्याज अनुदान मिळत असेल तर

कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल आणि केंद्राच्या २००९ पासूनच्या व्याज अनुदान योजनेतून तुमचं व्याज सरकार भरत असेल, तर सावध. हे अनुदान एकदाच मिळतं, एका कोर्ससाठी, कोर्स अधिक एक वर्षापुरतं. दुसऱ्या प्रवेशाने हप्ता पुढे गेला म्हणून अनुदान पुढे जात नाही. आतापर्यंत ज्या खात्यावर व्याज दिसतच नव्हतं, तिथे ते अचानक चढू लागतं. अशा घरातल्या मुलांनी वरचा हिशोब दोनदा करावा.

केटी लागली, वर्ष गेलं

हा प्रकार वेगळा. कोर्स तोच आहे, फक्त लांबला. आजारपणासारख्या, तुमच्या हाताबाहेरच्या कारणाने कोर्स वेळेत पूर्ण झाला नाही, तर आदर्श योजनेत जास्तीत जास्त दोन वर्षं मुदत वाढवायची तरतूद आहे. कॉलेजकडून तसं पत्र आणि वैद्यकीय कागद घ्या. नुसत्या केटीवर बँक किती ऐकेल ते व्यवस्थापकावर आहे, पण ड्रॉप लागला की त्याच महिन्यात कळवलंत तर दार उघडं असतं. मुलं घरी सांगायला घाबरतात म्हणून बँकेलाही सांगत नाहीत, आणि मग दोन्हीकडे एकदमच कळतं.

बँक नाही म्हणाली तर

कारण लेखी मागा. मग शिकण्याच्या काळापुरतं फक्त व्याज भरायची परवानगी किंवा परतफेडीची मुदत १५ वर्षांपर्यंत वाढवून हप्ता लहान करणं, हे पर्याय पुढे ठेवा. नोकरी नाही किंवा अगदीच तुटपुंजी आहे, हे खरं कारण असेल तर तेच सांगा. आदर्श योजनेत बेरोजगारीच्या काळासाठी कर्जाच्या आयुष्यात दोन-तीनदा सवड द्यायची सोय सुचवलेली आहे. मघाशी म्हटलेली वाट ती हीच. त्यासाठी खोटा प्रवेश घ्यावा लागत नाही.

अर्जाला उत्तरच मिळत नसेल तर बँकेच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. लोकपाल बँकेला हप्ता पुढे ढकलाच असं सहसा सांगणार नाही, पण पोच असलेल्या अर्जावर बँक गप्प बसली असेल तर तिला बोलतं करतो.

दरवर्षी एकदा

मंजुरी मिळाली की फाईल विसरायची नाही. दुसऱ्या वर्षाची फी भरली की त्याच आठवड्यात नवं बोनाफाईड आणि आधीच्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका शाखेत द्या, पोच घ्या. पत्ता, मोबाइल बदलला तर कळवा. पीजी बदलणाऱ्या मुलांची पत्रं जुन्या पत्त्यावर पडून राहतात. कर्ज फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या व्याजदराचं असेल तर मुदतीआधी फेडल्याबद्दल दंड लागत नाही, त्यामुळे पहिल्या नोकरीचा जॉइनिंग बोनस आला की सवड संपायची वाट न बघता तो इकडे वळवता येतो.

भावाचं शेवटचं सेमिस्टर आलंय. नव्या तक्त्यातली पहिल्या हप्त्याची तारीख बाबांनी कॅलेंडरवर लाल पेनाने नाही, तर थेट पोच घेतलेल्या अर्जाच्या झेरॉक्सवर लिहून ठेवलीय, आणि ती झेरॉक्स लाइट बिलांच्या फाईलमध्ये सगळ्यात वर लावलीय, म्हणजे दर महिन्याला आपोआप नजरेस पडते.